आत्याची एक पाटली, दोन अंगठ्या

माझ्या आत्याने लग्न केलं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं आणि 2025 च्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात नक्षीच्या पाटल्यांचा जोड निघाला, आजीची बोरमाळ, मोत्यांच्या कुड्या आणि लाल खड्याची एक अंगठी. डब्याच्या तळाशी एक छोटी वही. तिच्या ताठ, सुट्या अक्षरात एकेका डागाची, म्हणजे दागिन्याची, नोंद: ‘पाटल्या, 2 तोळे, 1978, पगारातून.’ ‘अंगठी, माणिक, बाबांची, 1964.’ बोरमाळेपुढे वजन नव्हतं, नुसतं ‘आईची’ एवढंच.

‘पाटल्या तुझ्या’ हे ती मी शाळेत होते तेव्हापासून सांगत आली होती. त्यामुळे दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न आटोपलं की माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं, तेव्हा अंगठ्या आत्याच्याच सोन्याच्या करायच्या हे मी मनाशी पक्कं केलं. ते करताना सोनं मोडण्याबद्दल जे कळलं, ते लिहून ठेवते आहे. असा डबा बहुतेक घरांत असतो आणि बहुतेक जण दुकानात जाताना फक्त आजचा भाव पाहून जातात. भाव ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते आपल्या हातात नेमकं सोनं किती आहे हे कळणं.

त्याच्याही आधी ते सोनं कुणाचं, हा प्रश्न होता. आत्याने मृत्युपत्र केलं नव्हतं. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिचे आईवडील हयात नसले, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिची मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे आमच्याकडे बाबा आणि काका. काका अमरावतीला असतात. फोनवर म्हणाले, “ताईनं तुलेच द्याचं म्हटलं होतं, मी कायले आडवा येऊ वं? लिहून कायले पाहिजे?” तरी बाबांनी साध्या कागदावर चारही डागांची यादी केली आणि दोघा भावांनी खाली सह्या केल्या. हे प्रत्येक घराने करावं असं मला मनापासून वाटतं. सोन्यावरून बोलणं बंद झालेली भावंडं सगळ्यांच्याच नात्यात असतात, आणि ते भांडण किमतीवरून कमी, न विचारता मोडल्यावरून जास्त झालेलं असतं. पुढे सराफाने आधार आणि पॅन पाहिलं, त्यासोबत तो कागदही पाहून घेतला.

तिकडच्या घरचीही परवानगी लागणार होती. साक्षगंधात मुलीची अंगठी मुलाकडचे आणतात आणि मुलाची मुलीकडचे. दोन्ही अंगठ्या आमच्याच सोन्याच्या म्हटल्यावर वर्ध्याच्या काकूंना, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंना, काय वाटेल याची आईला धाकधूक होती. मी सरळ जाऊन सांगितलं. काकूंनी शांतपणे चहा गाळला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “सोनं तुझ्या आत्याचं, घडणावळ आमची. असं जमते का पाहा.” इतका नेटका तोडगा आम्हा कुणाला सुचला नव्हता.

मग तपासणी. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क देणं भारतात 2000 साली सुरू झालं आणि जून 2021 पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. त्यामुळे आजीच्या-आत्याच्या पिढीच्या दागिन्यांवर असला तर सोनाराचा शिक्का असतो, शुद्धतेची खूण नसते. पण भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात आपल्यासारखं कुणीही आपला डाग तपासून घेऊ शकतं. चार डागांपर्यंत 200 रुपये आणि वर कर, एवढाच खर्च. दुकानात जाण्याआधी हातात तिसऱ्याच माणसाचा कागद असावा म्हणून मी हे आधी केलं.

त्या कागदावर पाटल्या 90 टक्क्यांच्या पुढे होत्या, म्हणजे 22 कॅरेटच्या जवळ. अंगठी मात्र 58 टक्के! बाबांचा चेहरा पडला. आजोबांना सोनाराने फसवलं, असंच त्यांना वाटलं आणि दोन दिवस ते त्याच विषयावर होते. हा उलगडा पुढे इतवारी बाजारातल्या सराफाने केला. सत्तरीचे गृहस्थ. अंगठी हातात घेऊन त्यांनी साल विचारलं. 1964 म्हटल्यावर म्हणाले, “मग चौदाच कॅरेटची असणार. तेव्हा यापेक्षा चांगलं सोनं घडवायला बंदी होती.” चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने करायला मनाई झाली. देशात सोन्याची मागणी घटावी, परकीय चलन वाचावं हा त्यामागचा हेतू. लोकांनी दागिने करणंच थांबवलं, कितीतरी सोनारांचे हात रिकामे झाले. ती अट काही वर्षांत उठली, पण 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत होता. चौदा कॅरेट म्हणजे हजारात 585 भाग सोनं. आजोबांची अंगठी अगदी नियमाप्रमाणे होती. बाबांनी लगेच काकांना फोन लावून सांगितलं. साठ वर्षांपूर्वीच्या कुण्या सोनाराच्या नावावरचा डाग निघाला, याचं त्यांना फार बरं वाटलं. तुमच्या घरातला त्या काळातला एखादा डाग कमी टंचाचा, म्हणजे कमी शुद्धतेचा, निघाला, तर कुणाला दोष देण्याआधी त्याचं साल पाहा.

शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये बाहेर जुन्या सोन्याला शंभर टक्के मोल देण्याचा फलक होता, म्हणून आधी तिथे गेलो. काट्यावर जोड 23.06 ग्रॅम भरला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “दोन तोळे लिहिलंय ना, मग हे तर जास्तच आहे.” आज बाजारात तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, 96 गुंजांचा. आत्याचे दोन तोळे म्हणजे 23.328 ग्रॅम, आणि इतकी वर्षं हातात घासून पाव ग्रॅम झिजलेले. जुन्या नोंदींतल्या तोळ्याचा हिशोब घरूनच ग्रॅममध्ये करून जावं.

मग त्याने पाटली टंच मोजायच्या मशीनखाली ठेवली. तीन जागी तीन आकडे आले. नक्षीवर 91 च्या पुढे, आतल्या बाजूने 90 च्या आत, आणि जिथे जोड होता तिथे 86. हे मशीन फक्त वरचा थर वाचतं. जोडाला टाका मारताना कमी कॅरेटचं सोनं वापरतात, कारण ते लवकर वितळावं लागतं. तिथे टंच उतरलेला दिसणारच. त्या मुलाने सगळ्यात खालचा आकडा धरला, त्यातून वितळवणीची तूट म्हणून आणखी दोन टक्के उणे केले आणि सबंध पाटलीला 84 टक्के लावले. शंभर टक्के मोल म्हणजे या 84 चं शंभर टक्के. वितळवून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, वितळवलं की मग खरेदी इथेच करावी लागेल. वर अंगठीची घडणावळ 22 टक्के, आणि तीन टक्के जीएसटी नव्या अंगठीच्या पूर्ण किमतीवर. जुनं सोनं वळतं करून उरलेल्या फरकावर कर लागतो असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याची अंगठीही त्याने पुढे केली. ती उद्या परत करायची झाली तर काय मोल द्याल, याचं उत्तर मात्र मिळालं नाही.

बोरमाळेचं तिथेच कळलं. तिचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. लाख नसती तर ते बोटाने दाबले तरी चेपले असते. काट्यावर माळ भरदार दिसते, पण त्या वजनात लाख आहे आणि दोराही. मोडायची तर आधी लाख जाळून काढावी लागते आणि मग हाती येतो तो पत्रा. ठुशीचं, मोहनमाळेचं, पोकळ मण्यांच्या सगळ्याच दागिन्यांचं असंच. मोडीत त्यांचं फार थोडं येतं आणि आज तसे घडवायला गेलं तर घडणावळ जबर लागते. असे डाग मोडूच नयेत, हे माझं ठाम मत झालं आहे. आजीची माळ मी महालातल्या पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात गाठवून घेतली. कुड्यांनाही हात लावला नाही. मोत्यांचे मोडीत काहीच देत नाहीत आणि त्यांच्यामागचं सोनं नखाएवढं.

इतवारीत गेलो तेव्हा पितृपक्ष चालू होता. मेट्रोने चितार ओळ चौकाला उतरलो. दुर्गेच्या मूर्ती रंगवणं चाललं होतं, रस्त्यावर गवत आणि मातीचा वास. सराफा ओळ मात्र ओस. पितृपक्षात कुणी सोनं घेत नाही, त्यामुळे दुकानदाराला बसून बोलायला वेळ असतो. चौकशीला याहून बरे दिवस नाहीत. आईला वाटत होतं, या दिवसांत सोन्याची भाषा नको. बाबा म्हणाले, “ताईचाच पंधरवडा आहे. तिच्या सोन्याचं तिच्यासमोर बोललेलं बरं.” शेवटी चौकशी आत्ता करायची आणि मोड घटस्थापनेनंतर, असं ठरलं.

त्या वयस्क सराफांनी भाव काढलाच नाही. आधी कागद घेतला आणि अंगठ्यांचं विचारलं. माझी खड्याची, म्हणून 18 कॅरेटची. बावीस कॅरेट मऊ पडतं, रोजच्या वापरात खड्याची पकड सैल होते. वजन 4.1 ग्रॅम धरलं, म्हणजे त्यात शुद्ध सोनं 3.08. होणाऱ्या नवऱ्याची साधी, 22 कॅरेटची, 5.5 ग्रॅम, म्हणजे शुद्ध 5.04. बेरीज 8.12. कारागिराची घट तीन टक्के, ती 24 सेंटिग्रॅम. एकूण 8.36. मग मान वर करून म्हणाले, “ताई, एका पाटलीत दहा ग्रॅमच्या वर शुद्ध निघते. दुसरी कायले मोडता?”

शोरूममध्ये सगळं बोलणं रुपयांत झालं होतं आणि रुपयांत बोलताना जोडच्या जोड मोडीत चालला होता. ग्रॅममध्ये मांडल्याबरोबर एक पाटली वाचली. आईने विचारलं, एकटी पाटली कोण घालतं? मी घालते. डाव्या हातात घड्याळ असतं, उजव्या हातात पाटली.

घटस्थापनेनंतर सराफांनी आम्हाला गल्लीतल्या गलाईच्या दुकानात नेलं. सोनं गाळण्याचा हा धंदा देशभर सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं करतात. इतवारीतले हे दादाही विट्याचे. नागपुरात इतकी वर्षं राहूनही बोली तिकडचीच. “ताई, हितं बसा. आधी काट्याकडं बघा, मग आगीकडं. मधी फोन बघायचा न्हाई.”

पाटली ब्रशने घासून पुसली आणि तोलली. 11.53. मी तिचे चारही बाजूंनी फोटो काढले, आतल्या सोनाराच्या शिक्क्याचाही. मग त्यांनी कातरीने तिचे तुकडे केले. तेवढ्या वेळात आईने तोंड फिरवलं, बाबा उभे राहिले. मी पाहत राहिले, कारण मला पाहायचं होतं. तुकडे मुशीत पडले, वरून चिमूटभर टाकणखार, आणि गॅसची निळी ज्योत. सुरुवातीला काहीच होत नाही. तुकडे काळवंडतात, मग लाल होतात. नक्षीतली फुलं अजून स्पष्ट दिसत असतात, पाकळ्यांसकट. मग कडा गोल व्हायला लागतात आणि एकाएकी सगळे तुकडे एकमेकांत शिरून तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पळतो तसा एकच गोळा मुशीत फिरू लागतो. शुद्ध सोनं 1064 अंशांना वितळतं, बावीस कॅरेटचं त्याच्या थोडं आधी. तेल लावलेल्या लोखंडी साच्यात त्यांनी ते ओतलं, पाण्यात टाकलं, पुसलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. 11.43. दहा सेंटिग्रॅम गेले. त्यात मळ, साबण आणि टाक्यातलं जे जळून जातं ते. वितळून एकजीव झाल्यावर टंच काढला की कुठेही पाहा, आकडा सारखाच येतो. त्यांनी दोन्ही बाजूंनी दाखवला, 90.2. चिठ्ठीवर लिहिलं: वजन 11.43, टंच 90.2, शुद्ध 10.31.

शोरूमच्या हिशोबाने हीच पाटली 9.69 ग्रॅम शुद्ध ठरत होती. फरक 62 सेंटिग्रॅमचा. दहा ग्रॅमला लाख रुपये असा सोपा भाव धरला तरी एका पाटलीमागे सहा हजारांच्या वर, जोडामागे साडेबारा हजारांच्या आसपास. आणि तेव्हा भाव लाखाच्या बराच वर होता. विट्याच्या दादांनी गाळणीचे घेतले ते या फरकापुढे काहीच नव्हते.

आता व्यवहार कसा करायचा, याचे दोन रस्ते होते. एक, जुनं सोनं सराफाला देऊन त्या किमतीत अंगठ्या घ्यायच्या. दुसरा, सोनं आपलंच ठेवून घडणावळ देऊन अंगठ्या करून घ्यायच्या. बाबांच्या ओळखीच्या सीएंनी दोन्हींतला फरक समजावला. वारशाने सोनं मिळालं म्हणून कर लागत नाही, पण ते विकलं किंवा बदलून नवा दागिना घेतला तर कायद्याने ते हस्तांतरण ठरतं आणि भांडवली नफा काढावा लागतो. सोनं किती काळ बाळगलं हे मोजताना आत्याचीही वर्षं धरली जातात, आणि 2001 पूर्वीची खरेदी असेल तर 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येतं. जुलै 2024 पासून अशा दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. आपल्याच सोन्याची आपल्यासाठी अंगठी घडवली तर काही विकलंच जात नाही. जीएसटीसुद्धा फक्त घडणावळीवर, पाच टक्के. ज्याला तयार अंगठीच आवडली आहे त्याने बदलून घ्यावी, त्यात वाईट काही नाही. पण तिथेही जुन्याचा आणि नव्याचा भाव एकाच दिवशीचा लावून पावतीवर लिहून घ्यावा. त्या वर्षी घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत भाव सारखा चढत होता. जुनं आज जमा आणि नवं महिन्याने, अशा व्यवहारात माणूस चांगलाच मार खाऊ शकला असता. आमचा हिशोब ग्रॅममध्ये होता, त्यामुळे भाव कुठेही गेला तरी आमचं सोनं तेवढंच होतं.

पावतीवर सराफांनी 10.31 ग्रॅम शुद्ध सोनं ग्राहकाचं म्हणून जमा दाखवलं आणि दोन्ही अंगठ्यांची वजनं, कॅरेट, घट, घडणावळ सगळं वेगवेगळं लिहिलं. घडणावळ नगावर ठरली आणि काकूंनी ती तिथल्या तिथे दिली.

माझ्या अंगठीत आजोबांच्या अंगठीतलं माणिक बसवायचं होतं. खडा काढायला कारागिराने कोंदणाची कड सुईसारख्या हत्याराने हळूहळू उचलली. जुन्या पद्धतीचं बंद कोंदण, मागे तांबडा डाक लावलेला, म्हणजे रंग उठून दिसावा म्हणून ठेवलेला पातळ पत्रा. डाकाच्या आणि खड्याच्या मधे पांढुरका, घट्ट बसलेला थर होता. कारागीर म्हणाला, साबण. आई म्हणाली, खडूच असणार. आजोबांनंतर ही अंगठी आत्याच्याच बोटात असायची, फळ्यावर लिहिताना तो लाल ठिपका उजव्या हातावर हलताना मी स्वतः पाहिला आहे. माझ्या वर्गाला एक वर्ष तिचंच गणित होतं. मी तो थर पुसू दिला नाही लगेच, थोडा वेळ पाहून घेतला.

खडा रत्नपरीक्षकाकडे नेला. त्याने सूक्ष्मदर्शकातून मलाही दाखवलं: आत वक्र रेषा आणि अगदी बारीक गोल बुडबुडे. निसर्गातल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात असतात, अशा वळलेल्या नसतात. हे माणिक ज्योतीत पूड वितळवून तयार केलेलं होतं. फ्रान्समधल्या ऑग्युस्त व्हेर्नॉय या रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली आणि त्यानंतर अशी माणकं आपल्याकडच्या दागिन्यांतही भरपूर आली. बाबांनी विचारलं, “म्हणजे खोटं?” काच नव्हे. घटक तेच, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड आणि रंगापुरतं क्रोमियम. कठीणपणाही तोच, नऊ. फक्त बाजारात त्याला काही शेकडे रुपयांपलीकडे मोल नाही.

सराफांनी दुसरं, खाणीतलं माणिक दाखवलं. सुंदर होतं. मी नाही म्हटलं. मला माणिक नको होतं, ते माणिक हवं होतं. त्यालाही विचारलं, कारण ही अंगठी माझ्या बोटात तो घालणार होता. तो म्हणाला, “जे तुझ्या आत्याच्या बोटात होतं तेच बसव, यात विचारायचं काय?” तेव्हा मला लग्नाबद्दल जे थोडंफार भय होतं तेही उणावलं. आजोबांची रिकामी अंगठी बाबांनी ठेवून घेतली.

एक गोष्ट सगळ्यांना सांगण्यासारखी: मोड देताना खड्यांचं वजन वजा होतं आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणून खडे मागून घ्यावेत. ते आपले असतात. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

नवरात्राच्या मध्याला काम थांबलं. इतवारीतले पुष्कळ कारागीर बंगालचे. षष्ठीच्या आधी ते दुर्गापूजेला गावी जातात आणि कोजागिरीच्या दिवशी त्यांच्याकडे लक्ष्मीपूजा असते, ती करूनच परततात. आल्याबरोबर धनत्रयोदशीची गर्दी. ज्यांचं साक्षगंध किंवा लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे, त्यांनी अंगठीचं काम भाद्रपदातच सांगून ठेवावं. आमचं दिवाळीच्या तोंडावर हाती आलं, तेही सराफांनी रोज मागे लागून करून घेतलं म्हणून. या वेळी कोंदण मागून उघडं ठेवलं, उजेड आरपार जातो. डाकाशिवायही रंग पुरेसा आहे.

मापाचं तेवढंच सांगते. बोट दुपारच्या उन्हातून आल्याबरोबर मोजू नये आणि पहाटेही नाही. नागपूरच्या मे महिन्यात आणि डिसेंबरात एकाच बोटाचं माप वेगळं येतं. त्याच्या बोटाचा सांधा जाड, म्हणून अंगठी सांध्यावरून जेमतेम सरकेल अशी घेतली आणि आतून कडा गोलसर करून मागितल्या.

हॉलमार्क दोन्हींवर आहे. घडणाऱ्या कारागिराला तो देता येत नाही, नोंदणीकृत सराफामार्फत अंगठी केंद्रात जावी लागते. हे काम सांगतानाच ठरवून घ्यावं, नाहीतर घरचं सोनं आहे, कशाला हॉलमार्क, असं म्हणून टाळलं जातं. आत भिंगाने पाहिलं की तीन खुणा दिसतात: मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक. माझ्या अंगठीवर 18के750, त्याच्या अंगठीवर 22के916. मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुठल्या केंद्राने तपासली, कुठल्या सराफाची, नग कोणता, शुद्धता किती, हे सगळं येतं. मी दुकानातच, पैशांची पावती घेण्याआधी, दोन्ही क्रमांक टाकून पाहिले.

साक्षगंध आमच्या घरीच झालं. काका अमरावतीहून आले, काकूंनी अंगठी ताटात ठेवताना सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की सोनं हिच्या आत्याचं आहे. मला तेच हवं होतं. लोकांनी आत्याचं नाव घ्यावं.

हिशोबात 1.95 ग्रॅम शुद्ध सोनं उरलं. सराफ त्याचे पैसे द्यायला तयार होते. मी लगडीचा तुकडाच कापून मागितला आणि त्यावर वजन-टंच लिहिलेली चिठ्ठीही. लग्न वैशाखात आहे. त्या तुकड्यात मंगळसूत्राच्या दोन लहान वाट्या बसतील असं सराफ म्हणतात. माहेरची वाटी आणि सासरची वाटी दोन्ही त्यातूनच करायच्या का, ते मात्र अजून काकूंना विचारायचं आहे.